अपुऱ्या उतरलेल्या फायली व त्यांची विल्हेवाट

घरोघरीं आतां संगणक आला आहे, आणि ज्या घरीं तो नाहीं तेथेंहि बहुतेकांच्या हातीं मोबाइल आहे. विजेचें बिल, मुलांच्या परीक्षांचे अर्ज, परगांवीं असलेल्या लेकीनें पाठविलेलीं नातवाचीं छायाचित्रें, आजोबांनीं मोठ्या कष्टानें जुळविलेली वंशावळ, हें सर्व आतां फायलींच्या रूपानें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जात असतें. हा प्रवास बहुधा सुखरूप होतो. परंतु मध्येंच वीज गेली, इंटरनेट तुटलें, कोणीं घाईनें पेन ड्राइव्ह उपटून काढला, किंवा मोबाइलची बॅटरी संपली, म्हणजे फाईल अर्ध्या वाटेंत राहते. आणि तिचा जेवढा भाग येऊन पोंचला असेल तेवढा, एखादें चमत्कारिक नांव धारण करून, संगणकाच्या कोपऱ्यांत पडून राहतो. असे अवशेष कां उरतात, त्यांतले कोणते ठेवावे व कोणते टाकावे, याचा विचार बहुतेक कुटुंबांत झालेला नसतो. तो या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वरवर पाहतां विषय क्षुल्लक वाटेल. पण त्याच्या पोटीं दोन धोके आहेत. पहिला जागेचा. चार गिगाबाइटांची एक चित्रफीत तीन वेळां अर्ध्यावर तुटली, तर सहा गिगाबाइट जागा कोणाच्याहि उपयोगीं न पडतां अडून राहते. हा धोका त्रासाचा खरा, पण भरून येण्यासारखा आहे. दुसरा धोका भरून येत नाहीं. तो म्हणजे अपुरी फाईल पुरी आहे असें समजून मूळ फाईल पुसून टाकणें. अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें ही आपल्याकडे थट्टेची गोष्ट आहे. पण घरांतल्या दिवंगत माणसांच्या छायाचित्रांच्या बाबतींत असें झालें, तर तें हंसण्यावारी नेतां येत नाहीं.

तात्पुरतें नांव कशासाठीं ?

फाईल उतरत असतांना तिला खरें नांव न देतां एक तात्पुरतें नांव देण्याची पद्धत आहे. क्रोम व एज या ब्राउझरांत नांवाच्या शेवटीं 'सी' व 'आर' या अक्षरांस जोडून 'डाउनलोड' हा शब्द येतो. फायरफॉक्समध्यें शेवटीं 'पार्ट' असें येतें. सफारींत नुसतें 'डाउनलोड'. विन-एस.सी.पी. नांवाचा जो कार्यक्रम कचेऱ्यांतून फायली पाठविण्यासाठीं वापरतात, तो 'फाइलपार्ट' हें शेपूट लावतो. अँड्रॉइडच्या अलीकडच्या मोबाइलांत असल्या अपुऱ्या फायलींच्या नांवाआधीं एक टिंब व 'पेंडिंग' हा शब्द आढळतो. नांवें निरनिराळीं असलीं तरी अर्थ एकच: "काम चालूं आहे, कोणीं हात लावूं नये."

या पद्धतीचें मर्म कळण्यास आपल्या जुन्या पोथ्यांचें उदाहरण पुरेसें आहे. लेखक पोथीची नक्कल उतरवून काढी, आणि ती पुरी झाली म्हणजे शेवटीं 'इति' म्हणून ग्रंथाचें नांव लिही. पुष्कळदां तिथि व स्वतःचें नांवहि घाली. ज्या पोथीला शेवटचें पान नाहीं, ती अपुरी हें वाचणारास तत्काळ कळे. संगणकावरील फाईलीला असें दिसणारें शेवटचें पान नसतें. बाहेरून अर्धी व पुरी फाईल सारखीच दिसते. म्हणून शेवटचा तुकडा येऊन पोंचल्यावर तात्पुरतें नांव काढून खरें नांव देणें, हीच त्या फाईलीची 'इति' होय.

यापासून दुहेरी फायदा होतो. एक तर अपुऱ्या फाईलीस कोणी पुरी समजत नाहीं. दुसरें असें कीं, त्याच नांवाची जुनी चांगली फाईल आधींच असेल, तर नवी पुरी होईपर्यंत तिला धक्का लागत नाहीं. नांव बदलणें हें काम क्षणाचें आहे, कारण त्यांत मजकूर हलवावा लागत नाहीं. फक्त यादींतील नोंद बदलते. मात्र दोन्ही नांवें एकाच डिस्कच्या एकाच विभागांत असलीं तरच हें घडतें. एका डिस्कवरून दुसरीवर नुसतें नांव बदलून जातां येत नाहीं. तेथें पुन्हां सगळा मजकूर उतरवून घ्यावा लागतो, आणि तेंहि काम पुन्हां अर्ध्यावर तुटूं शकतें. म्हणूनच शहाणे कार्यक्रम आपली तात्पुरती फाईल दूर कोठें न ठेवतां, जेथें खरी फाईल यावयाची त्याच फोल्डरांत ठेवतात. आणि म्हणूनच हे अवशेष आपल्या डाउनलोडच्या फोल्डरांत, आपल्या कागदपत्रांच्या शेजारींच, दृष्टीस पडतात.

अवशेष कां उरतात ?

ज्यानें पसारा मांडला त्यानें तो आवरावा, हा नियम संगणकांतहि आहे. उतरवणें फसलें तर तात्पुरती फाईल पुसून टाकण्याची तजवीज चांगल्या कार्यक्रमांत केलेली असते. पण वीज गेली, किंवा कार्यक्रम अडकला म्हणून आपणच तो बळेंच बंद केला, तर आवरणाराच उरत नाहीं. मांडलेला पसारा तसाच राहतो, आणि पुढच्या वेळीं तोच कार्यक्रम चालूं झाला तरी मागचा पसारा आपलाच हें त्याला कळेलच असें नाहीं.

याशिवाय कांहीं अवशेष मुद्दाम ठेवलेले असतात. आठशे मेगाबाइटांपैकीं सहाशे येऊन पोंचले असतील, तर ते फेंकून पहिल्यापासून आरंभ करणें हा उधळेपणा आहे. दर सेकंदास अडीच मेगाबाइट या वेगानें सहाशे मेगाबाइट उतरण्यास चार मिनिटें लागतात. खेड्यांतल्या मंद जोडणीवर त्यास दोन-दोन तासहि लागतील. तेव्हां तो तुकडा जपून ठेवणें योग्यच आहे. अडचण इतकीच कीं, मुद्दाम ठेवलेला तुकडा व निराधार झालेला तुकडा हे दोन्ही बाहेरून अगदीं सारखे दिसतात. कोणता कोणता हें ओळखावयाचें काम माणसालाच करावें लागतें.

तुटलेलें काम पुढें कसें चालतें ?

एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल पाठविण्याचे जे नियम 'एफ.टी.पी.' या नांवानें प्रसिद्ध आहेत, त्यांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्यें अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत असलेल्या अभय भूषण यांनीं लिहिला. हे गृहस्थ कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. फाईल पाठविण्याच्या या मूळ कामीं एका भारतीयाचा हात आहे, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. पुढें १९८५ मध्यें या नियमांची जी सुधारलेली आवृत्ति निघाली, तींत तुटलेलें काम मधूनच पुढें चालूं करण्याची आज्ञाहि सांगितलेली आहे. संकेतस्थळांवरून फायली उतरविण्याचे जे नियम आहेत, त्यांच्या जानेवारी १९९७ च्या आवृत्तींत, "माझ्यापाशीं इतका भाग आहे, त्यापुढचा तेवढा दे," असें मागण्याची सोय झाली. समोरच्या संगणकाला तें मान्य असेल, तर तो २०६ हा अंक उत्तरादाखल पाठवून उरलेला भागच देतो.

येथें एक बारीक प्रश्न उरतो. काल अर्धी उतरलेली फाईल आज तिकडे कोणीं बदलली असली तर ? पहिला अर्धा भाग जुन्याचा व दुसरा नव्याचा असें तें विजोड वस्त्र होईल. हें टळावें म्हणून फाईलीच्या प्रत्येक आवृत्तीस एक खूण देतां येते. खूण जुळली तरच उरलेला भाग मिळतो, नाहीं तर संपूर्ण फाईल पुन्हां दिली जाते. तेव्हां 'पुढें चालूं करा' हें बटण दाबल्यावर काम पहिल्यापासून सुरू झालें, तर संगणक मूर्ख आहे असें समजण्याचें कारण नाहीं; तो पुष्कळदां सावधपणा दाखवीत असतो. कांहीं दुवे ठराविक मुदतीचे असतात. मुदत टळल्यावर मात्र मूळ पानावर जाऊन नवा दुवा घ्यावा लागतो.

नांव बदलल्यानें फाईल पुरी होत नाहीं

घरांतील एखादा हुषार मुलगा चमत्कारिक शेपूट काढून टाकतो, आणि फाईल दुरुस्त झाली असें सर्वांस सांगतो. ही समजूत चुकीची आहे. कपाळीं 'पूर्ण' असें लिहिल्यानें अपुरें काम पूर्ण होत नाहीं. अशा फाईलीचें पुढें काय होतें तें तिच्या प्रकारावर अवलंबून असतें. झिप प्रकारच्या गांठोड्याची अनुक्रमणिका शेवटीं असते. अर्थात् अर्ध्या गांठोड्याला अनुक्रमणिकाच नाहीं, आणि तें उघडत नाहीं. पी.डी.एफ.मध्येंहि पानांचा पत्ता सांगणारें कोष्टक बहुधा शेवटींच असतें. एम.पी.-४ चित्रफितींत अनुक्रमणिका कधीं आरंभीं तर कधीं शेवटीं असते. शेवटीं असेल तर नव्वद टक्के उतरलेली चित्रफीतहि चालत नाहीं.

छायाचित्रांची गोष्ट मात्र फसवी आहे. साधें जेपेग छायाचित्र वरून खालीं असें साठविलेलें असतें. अर्धें आलें तरी वरचा भाग दिसतो व खालचा करड्या रंगाचा पट्टा राहतो. लहान आकारांत चाळतांना तर हा दोष सहज नजरेंतून सुटतो, कारण कांहीं छायाचित्रांच्या पोटांतच एक लहान प्रतिमा वेगळी ठेवलेली असते व तीच आपणांस दाखविली जाते. म्हणून केवळ लहान आकृति दिसली यावरून छायाचित्र सुखरूप आहे असें मानूं नये.

काढून टाकण्यापूर्वीं

घरच्या संगणकांतील असले अवशेष काढण्याआधीं पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

पहिली, तें काम अजून चालूं आहे काय ? फाईलीचा आकार व शेवटचा बदल कोणत्या वेळीं झाला तें पाहावें, आणि कांहीं मिनिटांनीं पुन्हां पाहावें. आकार वाढत असेल तर हात लावूं नये. मात्र कांहीं कार्यक्रम आरंभींच सगळी जागा राखून ठेवतात. त्यांच्या बाबतींत आकार स्थिर दिसतो, तेव्हां बदलाची वेळ व ब्राउझरांतील उतरणाऱ्या फायलींची यादी या दोन्ही पाहणें बरें. एकत्र कुटुंबांत एकच संगणक पांच-सहा माणसें वापरतात. तेथें चुलत्यांचें काम पुतण्यानें कचरा समजून पुसून टाकण्याचे प्रसंग येतात. "हें कोणाचें आहे ?" असा एक प्रश्न मोठ्यानें विचारण्यास कांहीं खर्च नाहीं.

दुसरी, तें काम पुढें चालूं होतें का ? यादींत तसें बटण असल्यास प्रथम तें दाबून पाहावें. टाकण्यापेक्षां पुरें करणें केव्हांहि चांगलें.

तिसरी, तीच फाईल पुरी होऊन शेजारीं आहे काय ? पुष्कळदां पहिल्या प्रयत्नाचा तुकडा पडून राहतो आणि दुसऱ्या प्रयत्नाची पुरी फाईल खऱ्या नांवानें शेजारींच असते. ती उघडून पाहावी, आणि मग तुकडा खुशाल टाकावा. मात्र फायरफॉक्समध्यें काम चालूं असतां खऱ्या नांवाची एक अगदीं रिकामी, शून्य आकाराची फाईल जागा धरण्यासाठीं बाजूस ठेवलेली आढळते. तिला पुरी फाईल समजूं नये.

चौथी, ज्या कार्यक्रमानें ती फाईल निर्माण केली तो आधीं बंद करावा. विंडोज प्रणाली वापरांत असलेली फाईल बहुधा पुसूं देत नाहीं. लिनक्स व मॅक या प्रणाली पुसूं देतात. पण कार्यक्रमानें ती धरून ठेवलेली असेल तर यादींतून नांव गेलें तरी जागा मोकळी होत नाहीं. कार्यक्रम बंद झाला म्हणजेच ती मिळते.

मोबाइलमधून डिस्कवर

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोबाइल भरला म्हणून छायाचित्रें डिस्कवर नेतांना पुष्कळ लोक 'कट' करून 'पेस्ट' करितात. दोन निरनिराळ्या साधनांमध्यें हलविणें म्हणजे खरोखरीं नक्कल करून मूळ पुसणें, अशा दोन क्रिया होत. आमची आग्रहाची सूचना अशी कीं, या दोन क्रिया संगणकावर एकत्र सोंपवूं नयेत. आज नक्कल करावी. मूळ पुसण्याचें काम पडताळा पाहिल्यावर, दुसऱ्या दिवशीं, आपल्या हातानें करावें.

पडताळ्याच्या तीन पायऱ्या आहेत. दोन्हीकडील फायलींची संख्या जुळावी. एकूण आकार जुळावा. आणि निवडक फायली पूर्ण आकारांत उघडून पाहाव्या. याहून पक्की खात्री पाहिजे असल्यास एस.एच.ए.-२५६ नांवाच्या पद्धतीनें दोन्ही प्रतींचा ठसा काढावा. विंडोजमध्यें व लिनक्समध्यें त्यासाठीं लागणारें साधन आधींच असतें. मजकुरांत एका अक्षराचा फरक असला तरी ठसा अगदीं वेगळा येतो. दोन्ही ठसे जुळले तर प्रत निर्दोष समजावी.

पेन ड्राइव्हच्या बाबतींत आणखी दोन सूचना. पडद्यावर काम संपल्याचें दिसलें तरी कांहीं मजकूर अजून संगणकाच्या स्मरणांतच असूं शकतो. म्हणून 'सुरक्षितपणें काढा' ही आज्ञा देऊनच ड्राइव्ह काढावा. आणि लग्नाची लांबलचक चित्रफीत कितीहि वेळां प्रयत्न केला तरी ड्राइव्हवर जात नसेल, तर ड्राइव्हची मांडणी फॅट-३२ प्रकारची आहे काय तें पाहावें. त्या मांडणींत एका फाईलीस चार गिगाबाइट ही मर्यादा आहे. जागा कितीहि मोकळी असली तरी त्यापलीकडे फाईल जातच नाहीं.

न दिसणारे अवशेष

कांहीं अवशेष नजरेसहि पडत नाहींत. ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं १९९६ मध्यें 'आर-सिंक' हा फायली जुळविण्याचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो आपल्या तात्पुरत्या फाईलीच्या नांवाआधीं एक टिंब ठेवतो, आणि लिनक्समध्यें टिंबानें आरंभ होणारीं नांवें सामान्य यादींत दिसत नाहींत. काम तुटल्यास तो ही फाईल स्वतः पुसतो. पण तोच एकाएकीं मारला गेला तर ती तेथेंच राहते. विंडोजची डिस्क-दुरुस्ती झाल्यावर 'फाउंड' नांवाच्या फोल्डरांत 'सी.एच.के.' शेपटाच्या फायली कधीं कधीं सांपडतात. त्या अशाच तुटलेल्या लिखाणाच्या तुकड्यांपासून झालेल्या असतात.

ज्यांच्या घरीं व्यवसाय आहे व ज्यांचा दप्तरखाना ॲमेझॉनच्या 'एस-३' या भाड्याच्या कोठारांत आहे, त्यांनीं तर विशेष लक्ष द्यावें. तेथें मोठी फाईल भागाभागांनीं चढविण्याची सोय २०१० मध्यें झाली. चढविणें अर्ध्यावर राहिलें तर आलेले भाग सामान्य यादींत दिसत नाहींत; परंतु काम पुरें करीपर्यंत किंवा रद्द करीपर्यंत त्यांचें भाडें चालूंच राहतें. ठराविक दिवसांनीं अशीं अपुरीं कामें आपोआप रद्द व्हावीं असा नियम तेथें एकदां घालून ठेवतां येतो. तो अवश्य घालावा.

किती दिवस थांबावें ?

निराधार तुकडा कोणता हें पाहून कळत नसेल, तर वयावरून ठरवावें. डॅनियल बर्नस्टाइन या अमेरिकन गणितज्ञानें टपाल साठविण्याची 'मेलडिर' ही जी पद्धत आंखली, तींत हा विचार फार सुंदर रीतीनें केला आहे. येणारें पत्र आधीं तात्पुरत्या फोल्डरांत लिहावयाचें, पुरें झाल्यावर 'नवें' या फोल्डरांत न्यावयाचें. लिहिणारास मुदत चोवीस तासांची; तेवढ्यांत न जमल्यास त्यानें काम सोडून द्यावयाचें. आणि छत्तीस तास ज्यास कोणीं हात लावला नाहीं असा तुकडा झाडणारानें निःशंक टाकावयाचा. लिहिणाराची मुदत झाडणाराच्या मुदतीच्या आधीं संपते, त्यामुळें चालूं काम चुकून टाकलें जाण्याची भीति राहत नाहीं. सिस्टमडी वापरणाऱ्या लिनक्स प्रणालींच्या मूळ नियमांतहि असेंच आहे: तात्पुरत्या वस्तूंच्या एका फोल्डरांत दहा दिवस व दुसऱ्यांत तीस दिवस.

घरच्या संगणकासाठीं आम्ही तीस दिवसांची मर्यादा सुचवितों. महिन्यांतून एक दिवस ठरवावा. डाउनलोडचा फोल्डर तारखेच्या क्रमानें लावावा. महिन्याहून जुने तुकडे वरील चार प्रश्न विचारून प्रथम कचऱ्याच्या टोपलींत टाकावे, आणि ती टोपली आणखी आठवड्यानें रिकामी करावी. हें काम घरांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलास शिकवून त्याच्याकडे दिलें तर तें आनंदानें करील, व न विचारतां दुसऱ्याची वस्तु टाकूं नये हा धडाहि त्यास जातां जातां मिळेल.

आपल्या आजी-पणजींनीं घरांतील कागद, फोटो व पत्रें पेटींत जपून ठेविलीं म्हणून आज तीं आपल्या हातीं आहेत. पेटी उघडली कीं काय आहे व काय नाहीं तें दिसे. आतांच्या पेटींत हें दिसत नाहीं. तेथें यादी भरलेली दिसते आणि आंतला मजकूर अर्धा असूं शकतो. तेव्हां तुकडे टाकण्याची घाई एक वेळ केली तरी चालेल. मूळ पुसण्याची घाई मात्र कोणींहि, केव्हांहि करूं नये.